खाऱ्या टाकीची सूनबाई

"आबा, हात लावू नका हं."

"मी कुठं हात लावतोय? बघतोय नुसता."

"तुम्ही बोटानं बघता. परवा दाराचा रंग ओला आहे का ते असंच बघितलंत. अजून ठसा आहे तिथं."

"मग कागदावर लिहून लावायचं होतंस, रंग ओला आहे म्हणून."

"लावलं होतं आबा. त्याच कागदाला तुम्ही हात पुसलात."

म्हातारा टाकीसमोरून हलला नाही. सलूनच्या दोन खुर्च्यांपैकी एक कालच नव्या जागेत गेली होती आणि उरलेल्या खुर्चीत आबा बसले होते. आरसे उतरवल्यामुळे भिंतीवर दोन चौकोनी पांढरे डाग पडले होते. त्या डागांच्या मधे, लोखंडी स्टँडवर, दोन फुटांची काचेची टाकी नेहमीसारखी चालू होती. निळा दिवा, पंपाची बारीक घरघर, दगडावर पसरलेलं फूल आणि त्या फुलात लोळणारी केशरी माशांची जोडी. इमारत उद्यापासून पाडायला घेणार होते, माशांना त्याची गंधवार्ता नव्हती.

सूनबाई हे काही तिचं नाव नव्हे. लग्न होऊन आली तेव्हा आबा तिला सूनबाई म्हणायचे. आबांचं ऐकून गिऱ्हाइकं म्हणायला लागली, मग समोरचा किराणावाला, मग गॅसवाला, आणि बघता बघता तिसरीतल्या पोरापासून साठीच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळा भाग तिचा सासरा होऊन बसला. आबांचा हात थरथरायला लागला तेव्हा दुकान बंद पडायची वेळ आली होती. पोटच्या पोरानं आधीच हात वर केले होते, त्याला दुसऱ्याच्या मानेवरचे केस बघूनच मळमळायचं. तो टेम्पो चालवायचा आणि त्यात सुखी होता. मग हिनं कैची उचलली. पहिले सहा महिने एक बाप्या तिच्या वस्तऱ्याखाली मान द्यायला तयार नव्हता. शेवटी गणिताचे एक मास्तर हिय्या करून बसले. म्हणाले, "कान दोन आहेत, आत्ताच मोजून घे. उठताना मी पुन्हा मोजणार आहे."

आता तिचा हात असा होता, की दाढी करून घेताना माणसं घोरायची.

टाकी आली ती जहाजावरच्या एका आचाऱ्याकडून. सुट्टीवर आला की तो हिच्याकडे दाढीला यायचा. परत जाताना "चार महिने सांभाळ" म्हणून टाकी ठेवून गेला, तो पुन्हा उगवलाच नाही. कुठल्याशा बंदरात संसार थाटला म्हणे. पहिल्याच उन्हाळ्यात टाकीतलं सगळं मेलं. सुरुवात एका गोगलगायीपासून झाली. ती दगडाआड मरून पडली, हिला कळलं नाही. तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं झालं, मासे पोट वर करून तरंगले आणि दुकानात असा वास सुटला की दोन गिऱ्हाइकं अर्ध्या दाढीनिशी पळाली. तेव्हा हिनं एका गोष्टीची खूणगाठ बांधली. एवढ्याशा पाण्यात कुणी एकटं मरत नाही, बाकीच्यांना सोबत घेऊन जातं.

मग तिनं पुन्हा पहिल्यापासून मांडलं. फोनवर बघून शिकली, वहीत लिहिलं, पाणी मोजायला शिकली. समुद्र तिनं उभ्या आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही बसच्या खिडकीतून, लांबवर हातभर निळी रेघ. पण समुद्राच्या पाण्यात मीठ किती, ऊब किती, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. नऊ वर्षं झाली होती. दुकान आबांचं, खुर्च्या आबांच्या, गिऱ्हाइकं आबांची, वस्तरा धरायची पद्धतसुद्धा आबांची. टाकी तेवढी तिची.

आणि आज ती टाकी चार किलोमीटर लांब न्यायची होती. आठवड्याची सुट्टी आजच, उद्या सकाळी नवं दुकान उघडणार.

"दिवसभराचं काम आहे," तिनं आदल्या दिवशी नवऱ्याला सांगितलं होतं.

"अगं, दोन फुटांची टाकी ती! मी आणि आबा दोन बाजूंनी धरतो, उचलतो, टेम्पोत ठेवतो. झालं."

"पाण्यासकट?"

"मग पाणी काय वेगळं चालत येणार आहे?"

"हो," ती म्हणाली. "वेगळंच येणार आहे."

पाणी वेगळंच निघालं. पिण्याच्या पाण्याशिवाय कधी काही न भरलेले वीस लिटरचे तीन कॅन तिनं आणून ठेवले होते. नळीनं वरचं स्वच्छ पाणी त्यात उतरवलं. साठ लिटर. नऊ वर्षं जपलेलं पाणी ते. उरलेलं वीसेक लिटर बादल्यांमध्ये वाटून घेतलं, कारण जीव त्यातच ठेवायचे होते. एका टबात दगड. हे दगड नुसते दगड नव्हेत, त्यांच्या भोकाभोकांत सूक्ष्म जिवांची वस्ती असते आणि टाकीतली घाण तीच पचवते. दगड वाळला की ती वस्ती मेली. म्हणून दगड बुडवून ठेवले आणि वर ओला टॉवेल टाकला. बटणाएवढी तोंडं असलेली हिरवी-जांभळी प्रवाळं वेगवेगळ्या डब्यांत. झिंगा एका बरणीत. मासे सगळ्यात शेवटी, दगड निघाल्यावर, कारण दगड असेपर्यंत माशाच्या मागं लागणं म्हणजे पाणी ढवळून स्वतःच्याच डोळ्यांत माती टाकून घेणं. दगड गेल्यावर जोडी कोपऱ्यात येऊन उभी राहिली. थोरली, ती बायको, पुढं. धाकटा, तो नवरा, तिच्या मागं.

"बघ, कसा लपलाय," आबा म्हणाले.

"आपल्या घरचीच रीत आहे," टेम्पोवाला नवरा म्हणाला, आणि बायकोनं बघितल्यावर कॅन उचलून बाहेर गेला.

खरी भीती फुलाची होती. म्हणायचं फूल, पण तो प्राणी. शंभरभर जाड बोटं पसरून बसलेला, खाली एकच पाय, आणि तो पाय दगडाला असा चिकटलेला की ओढला तर फाटणार. पाय फाटला की फूल मरतं, आणि फूल मेलं की त्याचं पातळ होऊन पाण्यात असं विष भिनतं की तासाभरात टाकी साफ. म्हणून तिनं दगडासकट ते उचललं आणि थेट स्वतःच्या बादलीत बसवलं. फुलानं बोटं आत ओढून घेतली आणि ते मुठीएवढं झालं.

जुनी वाळू तिनं घेतली नाही. तळातली वाळू काळी पडली होती, नुसतं खोरलं तरी सडक्या अंड्यांचा वास यायचा. ती गेली कचऱ्यात. नवी वाळू तिनं घरी सात पाण्यांनी धुऊन ठेवली होती.

टेम्पोत ती मागं बसली, फुलाची बादली दोन गुडघ्यांत धरून. माशांच्या बादलीत सेलवर चालणारा हवेचा पंप बुडबुडे सोडत होता. पुढं नवरा आणि आबा.

"हळू हं," ती मागून ओरडली.

"हळूच चाललोय! आत्ता एक आजीबाई काठी टेकत पुढं निघून गेली."

"तिला जाऊ द्या. गतिरोधक आला की आधी सांगा."

"सांगतो. आला."

"आधी सांगा म्हटलं ना!"

पाणी हिंदकळून तिच्या मांडीवर सांडलं. तिनं आधी बादलीत बघितलं, मग स्वतःकडे.

नव्या दुकानात रंगाचा वास होता. स्टँड तिनं दोन दिवस आधीच भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवला होता, पाणी भरलेली वाटी ठेवून चारी बाजूंनी सपाट आहे ना ते बघितलं होतं. टाकी बसली. नवी वाळू घातली, तिच्यावर ताटली ठेवली आणि ताटलीवर धार धरून तिन्ही कॅन हळूहळू ओतले. तरीसुद्धा पाणी दुधाळ झालं. सात पाण्यांनी धुतलेली वाळू आठव्या पाण्याला आपला गुण दाखवतेच.

"हे असं?" आबांनी तोंड वाकडं केलं.

"बसेल खाली. गाळणीचा पंप लावला की दोन तासांत निवळेल. तोवर दगड नाही, मासे नाही, काही नाही."

तिनं पंपाची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये घातली. बटण दाबलं. काही नाही. हीटर लावून बघितला. काही नाही. परवा हेच सॉकेट चालू होतं, हिनं दिवा लावून बघितलं होतं. मधल्या काळात रंगाऱ्यानं खवणी चालवताना कुठंतरी वायर तोडली असणार.

वायरमन फोन उचलेना. नवरा राहिलेली खुर्ची आणायला टेम्पो घेऊन परत गेला होता. माशांच्या बादलीतले सेल सकाळपासून चालू होते. आणि बाहेर आभाळ भरून गार वारं सुटलं होतं, बादल्या उबदार ठेवायला हीटर हवाच होता.

"आबा, मी वायरमनला धरून आणते. दोन गल्ल्या सोडून घर आहे त्याचं. तुम्ही बसा इथं. नजर ठेवा. माशांचा बुडबुडा बंद पडला तर हे नवे सेल घाला. बाकी काही करायचं नाही."

"जा तू. मी काय लहान आहे?"

वायरमन जेवत होता. त्याला पानावरून उठवून आणायला चाळीस मिनिटं गेली. सबंध वाटेत तिच्या डोळ्यांपुढं ती मुठीएवढी झालेली बोटं होती.

दारातून आत आली आणि तिचं पहिलं पाऊल हलकं पडलं. पाणी निवळलं होतं. चांगलंच निवळलं होतं. टाकीच्या मागचं भिंतीवरचं खिळ्याचं भोकसुद्धा दिसत होतं.

दुसरं पाऊल पडलंच नाही. पंप बंद, गाळणी बंद, आणि चाळीस मिनिटांत इतकं नितळ? ती वाकली. वाळूवर कापसासारखे बारीक पांढरे पुंजके बसले होते. असे पुंजके तिनं या टाकीत कधी बघितले नव्हते.

आबा खुर्चीत ताठ बसले होते. उजवी बाही कोपरापर्यंत ओली. चेहऱ्यावर समाधान असं, जणू स्वतः खणलेल्या विहिरीला पाणी लागलं होतं.

"कसं काय? आता टाक तुझे दगडधोंडे."

"आबा. काय केलंत?"

"काय म्हणजे? पाणी गढूळ होतं, नितळ केलं. तू तिकडं वायरमन शोधत फिरणार, इकडं मासे बादलीत तडफडणार. म्हटलं, आपल्याला येतं ते तरी करावं. तुरटी फिरवली. गावाकडं पुराचं पाणी आलं की आमची आई हंड्यात सात वेळा फिरवायची. मी इथं चांगली शंभरदा फिरवली. हात भरून आला."

नव्या दुकानासाठी आणलेला तुरटीचा कोरा खडा आरशाखालच्या फळीवर ओला होऊन पडला होता. त्याचे कोपरे गोल झाले होते.

"बरोबर केलं आबांनी," वायरमन पिशवी खाली ठेवत म्हणाला. "माझी आईसुद्धा तेच करते."

सूनबाईनं पिशवीतून पाणी तपासायची पेटी काढली. काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेतलं आणि थेंब टाकायला लागली. या थेंबांची गंमत अशी, की पाणी आधी निळं होतं आणि थेंब टाकत गेलं की एका थेंबाला एकदम पिवळं पडतं. किती थेंब लागले तेवढा पाण्याचा कस. तिच्या टाकीला आठ लागायचे. नऊ वर्षं आठ. सकाळीसुद्धा आठ.

एक. दोन. तिसऱ्या थेंबाला पाणी पिवळं पडलं.

तिनं नळी धुतली आणि पुन्हा केलं. तिसऱ्यालाच.

"काय झालं?" आबा म्हणाले.

"हे पाणी गेलं, आबा."

"गेलं म्हणजे? काचेसारखं आहे! तुरटी तोंडाला चालते, जखमेला चालते. पन्नास वर्षं माणसांच्या गालावर फिरवली मी, कुणी मेलं नाही त्यानं. माशाला काय सोनं लागलंय?"

"माशाचं एक वेळ चालेल. फुलाचं नाही चालणार. दगडाचं नाही. पाण्याचा सगळा कस खाल्ला तुरटीनं."

"मग पुन्हा कस घालायचा!"

"आबा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच वायरमननं मान वर करून बघितलं. "या अख्ख्या दुकानात एकच गोष्ट माझी होती. तेवढीच मी म्हटलं होतं, हात लावू नका."

ओली बाही म्हाताऱ्यानं दुसऱ्या हातानं झाकून घेतली. वायरमन एकाएकी भिंतीतल्या वायरीत फार गुंतला.

तेवढ्यात नवरा खुर्ची घेऊन आला. घामाघूम. टाकीकडे बघून म्हणाला, "अरे वा, पाणी झ्याक झालंय की! टाकले का मासे?" मग त्यानं बायकोचं तोंड बघितलं, बापाचं तोंड बघितलं आणि खुर्ची जिथं होती तिथंच ठेवली.

"काय आणू?" एवढंच विचारलं त्यानं. नवरा म्हणून त्याच्यात पुष्कळ उणं होतं, पण हा एक प्रश्न त्याला वेळेवर विचारता यायचा.

"शुद्ध पाण्याचे चार कॅन. नळाचं नाही, मशीनचं. आणि एक नवं मोठं पिंप, कधी साबण न लागलेलं."

"आणि मीठ?"

"मीठ आहे माझ्याकडं."

"नाही, कमी पडलं तर किराण्यातनं..."

"जा."

तिनं नळी टाकीत सोडली आणि दुसरं टोक गटारात. साठ लिटर पाणी, तिच्या नऊ वर्षांचं, घळघळ वाहून गेलं. पुंजके बसलेली नवी वाळूही तिनं खरडून काढली. काच तीनदा पुसली. तळ उघडाच ठेवायचा ठरवला. वाळू काय, पुढच्या महिन्यात घालता येईल.

जमेला उरलं काय? वर भरायला म्हणून परवाच कालवून ठेवलेलं वीस लिटर खारं पाणी, बादल्यांतलं तेवढंच जुनं पाणी, आणि समुद्राच्या मिठाचा अर्धा डबा. नव्यानं कालवलेलं मीठ लगेच वापरता येत नाही. ते बोचतं. डब्यावर लिहिलं होतं, दिवसभर फिरू द्या. तिच्याकडे दिवस नव्हता. दोन वाजले होते. सहापर्यंत फिरवायचं, त्याहून जास्त बादल्यांतले जीव थांबणार नाहीत.

वायरमननं जोड मारला आणि सॉकेट जिवंत झालं. पंप आणि हीटर पिंपात गेले, मिठाचं पाणी घुमायला लागलं. पण हीटर एक आणि बादल्या पाच. फुलाच्या बादलीत तापमापक सोडला तर चोवीसच्या खाली. हवं होतं सव्वीस. गरम पाणी आत ओतायचं नाही, खारटपणा मोडतो.

ती बादल्यांकडे बघत उभी राहिली. मागून आवाज आला.

"गिझर चालू झाला का?"

"झालाय. का?"

"टॉवेल दे."

आबा उठले. कपाटातले दाढीचे टॉवेल त्यांनी गिझरच्या कढत पाण्यात बुडवले, पिळले, झटकले आणि फुलाच्या बादलीभोवती गुंडाळले. हात थरथरत होताच, पण पिळायच्या कामाला थरथर आड येत नाही. मग मनगटाची आतली बाजू बादलीला लावून डोळे मिटले. पन्नास वर्षं लोकांच्या तोंडावर गरम टॉवेल ठेवले होते त्यांनी. कुणाचा गाल कधी भाजला नव्हता आणि कुणाला गार टॉवेल लागला नव्हता.

"किती पाहिजे म्हणालीस?"

"सव्वीस."

"ते आकडे मला सांगू नकोस. अंगाहून गार की ऊन?"

"अंगाहून गार. पण हाताला गार लागायचं नाही एवढं."

"मग असं सांग की."

तासाभरानं तिनं तापमापक बघितला. पंचवीस पूर्णांक आठ. तिनं आबांना सांगितलं नाही. दुसरा टॉवेल मात्र पिळून त्यांच्या हातात दिला.

चार वाजता झिंगा मेला. बरणीच्या तळाशी आडवा, पाय गोळा केलेला. तिनं बरणी उचलून पाण्यासकट बाहेर नेली. आत आली तेव्हा आबा तिच्याकडे बघत होते.

"माझ्यामुळं?"

"माहीत नाही आबा. झिंगा नाजूकच असतो. कदाचित टेम्पोतच."

"खोटं बोलू नकोस."

"खोटं नाही बोलत. खरंच माहीत नाही."

साडेचारला फुलानं दगड सोडला. नुसतं वाकून बघितलं तर ते बादलीच्या तळाशी पडलेलं, पाय वर, बोटं लुळी, मधलं तोंड उघडं आणि आतलं पांढरं बाहेर आलेलं. जिवंत फूल घाबरलं की असं होतं आणि मरायला लागलं तरी असंच होतं. फरक फक्त वासाचा. तिनं नाक पाण्यापर्यंत नेलं. रंगाचा वास येत होता, टॉवेलचा, गटाराचा. फुलाचा येतोय की नाही, ते कळेना.

"टाकून दे," नवरा हळूच म्हणाला. "तूच म्हणतेस ना, एक मेलं की सगळी जातात. बाकीचे तरी वाचव."

तो चुकीचं बोलत नव्हता. तिनं फुलाखाली तळहात सरकवला आणि ते उचललं. ओल्या फडक्यासारखं लागलं. कचऱ्याची पिशवी दोन पावलांवर होती. ती तशीच उभी राहिली, कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात. नाक पुन्हा खाली नेलं. सडल्याचा वास नव्हता. नव्हता की तिला यायला नको होता, हेही तिला सांगता आलं नसतं.

"टाकीत नाही घालणार," ती शेवटी म्हणाली. "पण टाकूनही नाही देणार. एक डबा द्या मला. झाकणाचा, मोठा."

सहा वाजता पिंपातलं पाणी तिनं मोजलं. यंत्र डोळ्याला लावून मीठ बघितलं, बरोबर. थेंब टाकले, आठव्याला पिवळं. हात क्षणभर नळीवर तसाच राहिला. मग टाकी भरली, जुनं नवं मिसळून. दगड रचले, घाईघाईनं, जसे पूर्वी होते तसे नाही, पण डगमगणार नाहीत असे. प्रवाळं. मग मासे. माशांना बादलीतून थेट सोडलं नाही. टाकीतलं पाणी थोडं थोडं बादलीत घालत पाऊण तास लावला. थोरली आधी निघाली, टाकीचे चारी कोपरे हुंगून आली, मग धाकटा.

फुलाचा डबा तिनं त्याच टाकीत तरंगता ठेवला, कडेला चिमट्यानं अडकवून. पाणी वेगळं, ऊब तीच. मरायचं असेल तर डब्यात मरेल, टाकीला धक्का नाही. थोरलीनं डब्याला नाक लावलं. आत जायला वाट नव्हती. ती काचेच्या आणि डब्याच्या फटीत घुसून तिथंच पंख हलवत राहिली.

दिवा मालवताना आबा म्हणाले, "सूनबाई, आई सात वेळाच फिरवायची. मी शंभरदा फिरवली. सातच फिरवली असती तर?"

"तर पाणी थोडं कमी गेलं असतं."

"पण गेलंच असतं."

"गेलंच असतं."

आबांनी मान डोलावली. खरं सांगितलं, एवढंच त्यांना हवं असावं.

सकाळी सात वाजता तिनं एकटीनं शटर वर केलं. आधी नाकानं श्वास घेतला. रंग. नुसता रंग. मासे दोन्ही जागेवर होते. प्रवाळांपैकी निम्मी उघडली होती, तीन बटणं पांढरी पडली होती, ती जाणार होती. मग तिनं चिमटा काढला आणि डबा हलकासा तिरका केला.

डबा तिरका झाला, पाणी एका बाजूला गेलं. फूल गेलं नाही.

तिनं बोट घातलं. फुलाची बोटं अजून आखडलेलीच होती, रंगही उतरलेला, पण खालचा पाय डब्याच्या भिंतीला रुपयाएवढा चिकटला होता. तिनं कडेनं नख लावून बघितलं. हलेना. एका लुळ्या बोटानं तिच्या बोटाला अर्धवट धरलं, मग सोडलं.

पाठीमागं पावलं वाजली. आबा दारातच थांबले होते, आत यावं की नाही अशा बेतात.

"काय गं?"

"धरलंय."

"कशाला?"

"डब्याला. मेलेलं धरत नाही, आबा."

म्हातारा खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. नाक शिंकरलं. "आता डब्यातनं सोडवायचं कसं ते? ओढून तर चालत नाही म्हणतेस."

"नाहीच चालत. बसलंय तर बसू दे. चार दिवस, आठ दिवस. मन झालं की सोडेल."

"लई नखरे आहेत याचे," आबा म्हणाले, पण हळू, टाकीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं.

दारात एक माणूस येऊन उभा राहिला. जाडजूड, मनगटावर घड्याळ, हनुवटीवर तीन दिवसांचे खुंट. या भागातलं पहिलंच गिऱ्हाईक. आत बघून, आबांचा थरथरता हात बघून, सूनबाईच्या ओल्या बाह्या बघून तो जरा बिचकला.

"दाढी करायची होती. कारागीर आलेत का?"

"आलेत," ती म्हणाली. डब्याचा चिमटा तिनं घट्ट बसवला, हात गोड्या पाण्यानं दोनदा धुतले, पुसले, आणि नवं पातं मोडून वस्तऱ्यात सरकवलं. "बसा. डोकं मागं टेकवा. साइडलॉक कुठपर्यंत ठेवू?"